श्रावणात केलेली मोजणी

मुक्ता आणि ईशान,

मागच्या वर्षी तुमच्या बाबाने तुमच्या शाळेबाहेरचा एक फोटो पाठवला होता. ओळीने लावलेल्या सायकली, लाल रंगाचा सायकलरस्ता आणि त्यावरून एकटीच निघालेली मुक्ता. तो फोटो मी माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे पनवेलच्या नलूआजीला दाखवायला दिला. तिने तो वसंतआजोबांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून आणला आणि गल्लीतल्या रहिवासी समितीच्या खोलीत भिंतीवर लावला. त्या फोटोमुळे त्यांच्या डोक्यात जे शिरलं ते पाहायला मी श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात पनवेलला जाऊन आले.

तुम्ही पनवेल पाहिलं आहे ते साताऱ्याला येताना गाडीच्या काचेतून, आणि बहुतेक वेळा झोपेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मराठी वाचताना कुठे अडलं तर बाबाला विचारा.

कळंबोली, मंगळवार

मी चुकीच्या एसटीत बसले. गाडी मुंबईचीच होती, पण ती द्रुतगती मार्गाने थेट पुढे जाणारी होती, पनवेलच्या स्टँडवर न जाणारी. चढताना विचारायला हवं होतं. कंडक्टर सभ्य होता. "आजी, कळंबोलीला उतरा, तिथून पनवेल जवळच आहे," म्हणाला आणि माझी बॅग स्वतः खाली ठेवली.

जवळ होतं, पण चालत जाण्यासारखं नव्हतं. कळंबोलीला लोखंडाचा मोठा बाजार आहे. पत्र्याची भलीमोठी गुंडाळी पाठीवर घेतलेले ट्रेलर एकामागून एक वळत होते, आणि त्यांच्या चाकांची उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी. पावसाने खड्डे भरले होते, त्यामुळे खड्डा कुठे आणि रस्ता कुठे ते कळत नव्हतं. मी छत्री, बॅग आणि लाडवांचा डबा सांभाळत बराच वेळ एका जागी उभी राहिले. शेवटी एका वाहतूक पोलिसाने शिट्टी वाजवून एक ट्रेलर थांबवला आणि मला हाताला धरून पलीकडे नेलं. माझ्यासाठी एवढं लोखंड थांबलेलं पाहून मला संकोच वाटला.

पलीकडे सहाआसनी रिक्षा मिळाली. हे वाहन तुम्ही पाहिलेलं नाही. साध्या रिक्षेपेक्षा मोठं, तीन चाकांचं, समोरासमोर बाकं असलेलं. नावात सहा असले तरी ड्रायव्हर तेवढ्यावर समाधान मानत नाही. माझ्या मांडीवर माझी बॅग होती आणि बॅगेवर शेजारच्या बाईची कोथिंबीर. पण नलूच्या गल्लीच्या अगदी तोंडाशी रिक्षाने मला उतरवलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याचं मोल कळतं.

गल्ली

नलूची गल्ली जुन्या पनवेलात आहे. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला शाळा, मध्ये एक मारुतीचं देऊळ, दवाखाना, पिठाची गिरणी आणि दोन्ही बाजूंना तीन-चार मजली इमारती. पदपथ आहे, पण त्यावर मोटरसायकली उभ्या असतात आणि माणसं रस्त्यावरून चालतात. गेल्या मे महिन्यात गल्लीच्या तोंडाशीच वळणाऱ्या एका मोटरसायकलने नलूला पाडलं. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात सरळ बसला नाही म्हणून पुन्हा घातलं. मी गेले तेव्हा तिचा हात गळ्यात होता आणि ती डाव्या हाताने कुकरचं झाकण लावायला शिकली होती. एकटीने बाजारात जायचं मात्र तिने सोडलं होतं.

वसंतराव तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. शिस्तीचे, थोडे हट्टी. बायको पडली त्याच आठवड्यात त्यांनी समितीची सभा बोलावली. त्यांची योजना अशी: गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब बसवायचे. आत फक्त पायी चालणारे आणि सायकली. रहिवाशांच्या गाड्या मागच्या रस्त्याने येतील. पदपथ रुंद होईल, कडेला झाडं लागतील. आणि तोंडाशी असलेला सहाआसनींचा थांबा उठवून हायवेच्या पलीकडे, एसटी स्टँडजवळ न्यायचा.

नगरपालिकेतल्या एका तरुण इंजिनिअरना ही कल्पना आवडली. त्यांनी एकच गोष्ट मागितली. थांब्यावर कोण उतरतं, किती सामान घेऊन उतरतं, कुठे जातं, याची मोजणी करून द्या. समितीने ती श्रावणाच्या सुरुवातीला केली. सगळे निवृत्त लोक, आळीपाळीने खुर्ची टाकून बसले. निष्कर्ष असा निघाला की थांब्यावर उतरणारे बहुतेक जण मोकळ्या हातांनी उतरतात, त्यांना थोडं चालायला हरकत नाही. डोक्यावर ओझं घेऊन उतरणारी एकच बाई दिसली, उरणजवळच्या करंज्याची एक कोळीण.

"एका बाईसाठी सबंध गल्लीने जीव मुठीत धरून चालायचं का, सांगा ताई," वसंतराव मला म्हणाले. मला त्यांचं पटलं. रविवारी अकरा वाजता इंजिनिअर येणार होते आणि सभेत योजनेवर सही करणार होते.

बुधवार

सकाळी मी केळीची पानं आणायला गल्लीच्या तोंडाशी गेले. थांब्याजवळ एक सहाआसनी थांबली, त्यातून एक बाई उतरली, ड्रायव्हरने तिच्या डोक्यावर पाटी चढवून दिली आणि तो निघून गेला. ती चार पावलं चालून तिच्या नेहमीच्या जागेवर, गिरणीच्या ओट्यापाशी आली आणि इकडेतिकडे पाहू लागली. मग मला म्हणाली,

"ओ बाय, जरा हात लावा. उतरवायला दुसरा मानूस लागतंय."

मी छत्री मिटली आणि हात लावला. पाटी ओली आणि जड होती. उतरवताना बर्फाचं पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं. पाटी डोक्यावर घेतली की मध्ये कुठे टेकवता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एकटीला खाली ठेवता येत नाही आणि ठेवलीच तर एकटीला उचलता येत नाही. थांबा हायवेपलीकडे गेला तर ही बाई गाड्यांच्या मधून, हायवेवरच्या पुलाच्या पायऱ्या चढून-उतरून, कुठेही न टेकता इथवर येणार होती.

तिचं नाव हिराबाई. नलूची जुनी ओळख. धंदा कसा आहे विचारलं तर म्हणाली, "आता कंचा धंदा? गिऱ्हाईक नाय." पाटीत थोडी कोळंबी होती. पलीकडच्या मोहल्ल्यातले दोन-तीन लोक घेऊन गेले, बाकी कोणी फिरकलं नाही. मला वाटलं, हा व्यवसायच संपत आला असावा. साताऱ्यात आमच्या पेठेत कल्हईवाले असे हळूहळू दिसेनासे झाले. मला वाईट वाटलं, पण वसंतरावांच्या योजनेबद्दल शंका आली नाही.

घरी आल्यावर नलूने मला दाराबाहेरच थांबवलं. श्रावण चालू होता आणि माझ्या हाताला मासळीचा वास होता. लिंबाने हात धुवून, पातळ बदलून मग मला आत प्रवेश मिळाला. तुमच्या पणजीच्या घरात आम्ही दोघी एकाच ताटात वरणभात खाऊन वाढलेल्या. नलू मासे खाणाऱ्या घरात पडली आणि पक्की त्यांच्यातली झाली. हे लोक बाकीचं वर्ष मासळीशिवाय जेवत नाहीत, पण श्रावणात कांदासुद्धा वर्ज्य. वसंतराव रोज जेवताना अळूच्या भाजीकडे अशा नजरेने पाहत की मला हसू यायचं. भाजी मात्र उत्तम होती. टेकडीखालच्या वाड्यांवरच्या आदिवासी बाया कंटोळी विकायला येतात, तीही नलूने केली. बाहेरून काटेरी, आत कोवळी. तुम्हाला आवडली नसती.

करंजा, शुक्रवार

हिराबाईने मला करंज्याला बोलावलं होतं, ते बहुधा बोलायचं म्हणून. पण नलूला इतक्या वर्षांत कधी जायला मिळालं नव्हतं आणि मी सोबत होते, म्हणून आम्ही गेलो. पनवेलहून उरणची एसटी, तिथून रिक्षा. वाटेत एका बाजूला खारफुटी आणि मिठागरं, दुसऱ्या बाजूला कंटेनरच्या रंगीत भिंती. मिठागरं पावसाळ्यात नुसती तळी असतात, त्यात बगळे उभे होते. कंटेनरच्या ट्रकांमागे एसटी रांगेत बराच वेळ अडकली. नलूने डाव्या हाताने शेंगदाण्याची पुडी फोडायचा प्रयत्न केला आणि दाणे पुढच्या सीटवरच्या माणसाच्या टोपीत पडले. त्याने ते शांतपणे परत दिले.

करंज्याचा धक्का लांबलचक आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जायला लागल्या होत्या आणि काही परत आल्या होत्या. लिलाव चालू होता. ढिगाभोवती बायका गोल उभ्या राहतात, एक जण भाव बोलतो आणि ज्या बाईने घेतलं ती काही न बोलता ढिगावर आपली पाटी ठेवते. मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, एवढ्या थोड्या शब्दांत कोणाचं काम झालेलं मी पाहिलं नव्हतं. बहुतेक माल बर्फात भरून ट्रकने मुंबईकडे जात होता.

हिराबाईचं घर धक्क्यापासून जवळच. तिने कोरा चहा दिला आणि नलूचा हात पाहून मोटरसायकलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. थांबा उठवणार असल्याचं तिच्या कानावर आलं होतं, पण तिला वाटत होतं की पोलीस येऊन सगळ्यांनाच हाकलणार आहेत. नलूने तिला खरी योजना समजावून सांगितली. ती ऐकून हिराबाई म्हणाली, "म्हंजे हायवेपासनं चालत? भरल्या पाटीनं?" मग तिने आणखी चहा हवा का विचारलं.

निघताना आम्ही पाहिलं की तिच्या आळीत घरोघरी बाया पाट्या धूत होत्या. धुतलेल्या पाट्या दारापुढे उपड्या घालून ठेवल्या होत्या, पार आळीच्या टोकापर्यंत. मी विचारलं, लग्न वगैरे आहे का. हिराबाई हसली. तिच्या जावेने उत्तर दिलं, "रविवारची तयारी. आमी समद्या येनार तुमच्याकडं पनवेलला."

शुक्रवारचं जेवण

रात्री जेवताना मी प्रवासाची हकीगत सांगितली. मिठागरं, लिलाव, टोपीतले दाणे. आणि शेवटी उपड्या पाट्या, रविवारची तयारी. मी ते गंमत म्हणून सांगितलं होतं. नलू वाढत होती, ती थांबली.

"अहो," ती म्हणाली, "शनिवारी श्रावण संपतोय."

"मग?" वसंतराव म्हणाले.

"तुमची मोजणी श्रावणातली."

वसंतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. मला समजायला थोडा वेळ लागला, कारण आमच्या घरात मासळीचं पंचांग नाही. बाकीचं वर्षभर दर रविवारी, बुधवारी, शुक्रवारी वसंतराव त्याच गिरणीच्या ओट्याशी पिशवी घेऊन उभे असतात. बायांच्या गर्दीत घासाघीस करतात. समितीतले इतर सगळेही तसेच. पण श्रावणात गिऱ्हाईक नाही म्हणून हिराबाईसारखी एखादी सोडली तर बाया येतच नाहीत, आणि समितीतल्यांचं त्या ओट्याकडे लक्षच नसतं, ते मुद्दाम तोंड फिरवून जातात. आणि नेमकं तेव्हाच खुर्च्या टाकून ते मोजायला बसले. एकाच्याही लक्षात आलं नाही. मासे ही त्यांच्या लेखी स्वयंपाकघरातली गोष्ट आणि वाहतूक ही नकाशावरची.

शनिवारी वसंतराव दुपारी समितीच्या खोलीत जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर मुक्ताच्या फोटोसमोर बसले होते. म्हणाले, "ताई, सही उद्या झाली नाही तर हे काम या वर्षीच्या यादीतून जातं. पुढचं वर्ष कोणी पाहिलंय? इंजिनिअर बदलून जाईल. नलू पुन्हा पडली तर?"

मी म्हटलं, ते तुम्ही नलूला विचारा. त्यांनी विचारलं की नाही मला माहीत नाही. मी लवकर झोपले.

रविवार

सकाळी आवाजाने जाग आली. गॅलरीतून पाहिलं तर गल्लीचं तोंड भरलेलं. एक सहाआसनी रिकामी होईपर्यंत मागे दुसरी उभी. प्रत्येकीतून पाट्या उतरत होत्या, काही ड्रायव्हर चढवून देत होते, काही बाया एकमेकींच्या डोक्यावर चढवत होत्या. गिरणीच्या ओट्यापासून देवळाच्या अलीकडेपर्यंत दोन्ही कडांना बाया बसल्या. पापलेट, हलवा, बोंबील, कोळंबी. गणपतीला तीनच दिवस उरले होते. गणपती आले की पुन्हा विसर्जनापर्यंत बंद. त्यामुळे अख्खं पनवेल पिशव्या घेऊन खाली उतरलं होतं. मोटरसायकलींना आत शिरायला जागाच नव्हती.

वसंतरावही पिशवी घेऊन गेले. समितीचे खजिनदार साळवी आधीच तिथे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि न बोलता आपापल्या कोळणीकडे वळले. हिराबाईने वसंतरावांना पाहून हाक मारली, "या काका, महिनाभर कुटं व्हता? पाटीकडं बगत पन नव्हता." आजूबाजूच्या बाया हसल्या. वसंतरावांनी दोन पापलेटं घेतली, घासाघीस केली नाही, आणि घरी येऊन आंघोळीला गेले.

अकरा वाजता इंजिनिअर आले तेव्हा बाया उठून गेल्या होत्या. रस्त्यावर फक्त ओल होती आणि मांजरं. हार तयार होता. कागद टेबलावर होता. साळवींनी प्रास्ताविक केलं, माझी ओळख 'सायकलवाल्या नातवंडांची आजी' अशी करून दिली, आणि मग वसंतराव उठले. मला वाटलं, हे आता आभार मानतील आणि मोकळे होतील. नलू माझ्या शेजारी बसली होती, तिने मान खाली घातली होती.

"साहेब, सही करू नका," वसंतराव म्हणाले. "मोजणी श्रावणात केलेली आहे. ती मीच केली आहे."

मग मागून साळवी म्हणाले, "वसंतराव, आज पापलेट फारच ताजं मिळालेलं दिसतंय." हशा झाला. वसंतराव हसले नाहीत. त्यांनी सकाळी काय पाहिलं ते सांगितलं, भरली पाटी मध्ये टेकवता येत नाही हेही सांगितलं, आणि बसले. एका गृहस्थांनी विचारलं की वर्षातून एखाद्या रविवारसाठी योजना बुडवायची का. तेव्हा नलू बसल्या जागेवरून म्हणाली, "एखादा रविवार नाही हो. श्रावण आणि गणपती सोडून सगळे रविवार. तुम्हीच तर रांगेत माझ्या पुढे घुसता."

इंजिनिअरना हसू आवरत नव्हतं. तेही त्याच भागातले. गल्लीच्या आतल्या भागाची तरी सही करता येईल का, असं कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, प्रस्ताव एकच आहे, अर्ध्यावर सही होत नाही. विसर्जनानंतर पुन्हा मोजा, नवा नकाशा करू, पण यंदाच्या यादीचं मी वचन देत नाही. त्यांनी कागद फाइलमध्ये परत ठेवला. हार त्यांना घातलाच, आणलेला होता म्हणून.

दुपारी नलूने पापलेट तळलं. मी बाजूला वेगळ्या पातेल्यात मुगाची आमटी केली. वसंतराव महिनाभरानंतर मासे खात होते आणि त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी ते नलूला म्हणाले, "तुझा रस्ता गेला."

"काटा बघून खा," नलू म्हणाली.

सोमवारी मी निघाले. या खेपेला एसटीत चढण्यापूर्वी दोनदा विचारलं. घरी माझ्याही गणपतीची तयारी व्हायची होती.

साताऱ्याहून

हे लिहीत असताना काल नलूचा फोन आला. विसर्जनानंतर लागोपाठ दोन रविवार आणि मधले वार त्यांनी पुन्हा मोजलं. इंजिनिअर एका सकाळी स्वतः येऊन उभे राहिले. नवा नकाशा झाला आहे. खांब बसतील ते गल्लीच्या तोंडाशी नाही, देवळापाशी. तिथून शाळेपर्यंत फक्त चालणारे आणि सायकली. सहाआसनींचा थांबा आणि गिरणीचा ओटा आहेत तिथेच राहतील. सही या वर्षी होईल की पुढच्या, ते अजून ठरलेलं नाही. मुलांना शाळेत चालत जाता येईल, याचा वसंतरावांना आनंद आहे आणि त्यांनी तो फोटो काढलेला नाही.

मी नलूला म्हटलं, पण तुझं घर तर देवळाच्या अलीकडे आहे. ज्या वळणावर तू पडलीस ते मोकळंच राहिलं. बाजारात जायला तुला रोज तिथूनच जावं लागणार.

"हो," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंना बघीन आणि मग जाईन. प्लास्टर निघालं काल. आज एकटी जाऊन आले."